गॉस्पेल लायब्ररी अ‍ॅप : सगळं आहे, फक्त बदलांची नोंद नाही

‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असं लांबलचक नाव असलेल्या, पण जगात मॉर्मन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चर्चचं हे अधिकृत अ‍ॅप. अँड्रॉइडवर आहे, आयफोनवर आहे, पैसे पडत नाहीत, जाहिराती येत नाहीत आणि सभासद नसाल तरी उघडतं. मी सभासद होते तेव्हा ते रविवारच्या वर्गापुरतं वापरायचे. आता सभासद नाही आणि वापर कितीतरी वाढला आहे. सॉफ्टवेअर तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे आधी अ‍ॅपबद्दल आणि मग त्यातल्या मजकुराबद्दल असं लिहायला बसले होते, पण इथे त्या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

थोडं स्वतःबद्दल सांगते, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. मी अमेरिकेत युटा राज्यात, म्हणजे ह्या चर्चच्या घरी, शिकायला आले, मिशनऱ्यांकडून धडे घेतले, बाप्तिस्मा घेतला आणि तिथल्याच एका जुन्या मॉर्मन घरात लग्न केलं. सासूबाईंचे पूर्वज १८५६ साली सामानाच्या हातगाड्या ओढत आयोवापासून सॉल्ट लेकच्या खोऱ्यापर्यंत चालत आलेले. अशा घरात चर्च म्हणजे रविवारचा कार्यक्रम नसतो. सुट्ट्या, लग्नं, शेजार, नोकरीतल्या ओळखी, सगळं तिथूनच येतं. मी बाहेरून आलेली सून. जे शिकले ते चर्चने छापलेल्या पुस्तकांतून आणि ह्या अ‍ॅपमधून. घरातल्यांचं तसं नव्हतं, त्यावर येतेच.

अ‍ॅप म्हणून पाहिलं तर काम झकास आहे. पुस्तकं उतरवून घेतली की नेटशिवाय चालतात. ओळी रंगवता येतात, शेजारी टिपणं लिहिता येतात, टिपणांच्या वह्या करता येतात, एका ओळीचा दुवा दुसऱ्या पुस्तकातल्या ओळीला जोडता येतो. बऱ्याचशा मजकुराचा ऑडिओ आहे. तळटीप दाबली की वाचत असलेलं पान न हलता बाजूला उघडते, आणि हे मी पैसे घेणाऱ्या कितीतरी वाचन-अ‍ॅपमध्ये धड पाहिलेलं नाही. अक्षर मोठं केलं तरी मांडणी मोडत नाही. सासूबाई टॅब्लेटवर जेवढं मोठं करतात तेवढं करूनही नाही. फुकट आहे हे खरं. उत्पन्नाचा दहावा हिस्सा द्यायचा नियम सभासदांना आहे, अ‍ॅपला नाही.

शोधही चांगला आहे. माझी सगळी गडबड शोधापासूनच सुरू झाली.

किशोरवयीन मुलांचा वर्ग माझ्याकडे होता. चर्चमध्ये पगारी पाद्री नसतात, कामं सभासदांनाच वाटून दिली जातात, त्याला ‘कॉलिंग’ म्हणतात. विषय होता बुक ऑफ मॉर्मनचं भाषांतर. हा चर्चचा स्वतःचा धर्मग्रंथ; सोन्याच्या पानांवरच्या प्राचीन लेखनाचं संस्थापक जोसेफ स्मिथने केलेलं भाषांतर, असं चर्च मानतं. भिंतीवर नेहमीचं चित्र : जोसेफ स्मिथ टेबलाशी बसलाय, समोर सोन्याची पानं उघडी, बोट ओळीवर, पलीकडे लेखनिक. एका मुलीने विचारलं, टोपीतल्या दगडाचं खरं का? तिला ते एका कार्टून मालिकेतून कळलं होतं. २००३ साली त्या मालिकेने मॉर्मनांची यथेच्छ टर उडवली होती, आणि जोसेफ टोपीत तोंड घालून मजकूर सांगतोय हे दृश्य त्यात होतं. मी तिला सांगितलं की बघून सांगते. घरी येऊन अ‍ॅपमध्ये शोधलं.

खरं होतं. चर्चच्याच निबंधात होतं.

ह्या निबंधांबद्दल सांगायला हवं, कारण अ‍ॅपमधला सगळ्यात मोलाचा मजकूर तोच आहे. २०१३ च्या अखेरीपासून २०१५ पर्यंत चर्चने इतिहासातल्या अवघड विषयांवर डझनभर निबंध प्रसिद्ध केले. वर लेखकाचं नाव नाही, पण सर्वोच्च नेत्यांची मंजुरी आहे. मुख्य पडद्यावर धर्मग्रंथ दिसतात, चर्चच्या सहामाही परिषदेतली नेत्यांची भाषणं दिसतात, ह्या आठवड्याचा अभ्यास दिसतो. निबंध दिसत नाहीत. विषयांच्या विभागात शिरून, आणखी खाली उतरून ते गाठावे लागतात. लपवलेत असं मी म्हणणार नाही. पण सगळ्यात जास्त प्रश्न ज्या पानाबद्दल येतात ते पान इतकं आत ठेवलेलं दिसलं, तर मी अहवालात तेवढं नक्की लिहीन.

भाषांतराच्या निबंधात म्हटलं आहे की जोसेफ तरुणपणी हरवलेल्या वस्तू आणि पुरलेला खजिना शोधायला एक दगड वापरायचा. पुढे बुक ऑफ मॉर्मन सांगताना त्याने पानांसोबत मिळालेली साधनं वापरली आणि तो दगडही वापरला. दगड टोपीत ठेवायचा, उजेड येऊ नये म्हणून तोंड टोपीत खुपसायचं, आणि दिसतील ते इंग्रजी शब्द मोठ्याने सांगायचे. त्याची बायको एमा लेखनिकाचं काम करायची. तिच्या आठवणीप्रमाणे पानं तेव्हा कापडात गुंडाळून टेबलावर पडलेली असायची. २०१५ च्या ऑगस्टमध्ये चर्चने त्या दगडाचे फोटो प्रसिद्ध केले. तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांचा, अंड्याच्या आकाराचा दगड आणि त्याची चामड्याची थैली. दगड इतकी वर्षं चर्चच्याच ताब्यात होता.

आता न्यायाने बोलायचं तर दुसरी बाजूही आहे. चर्चची बाजू घेणारे लगेच दाखवतात की १९७४ साली मुलांच्या मासिकात ह्या दगडाचा उल्लेख होता, १९९३ साली मोठ्यांच्या मासिकात टोपीचं वर्णन आलं होतं. दोन्ही उल्लेख खरे आहेत आणि अ‍ॅपमध्ये वाचता येतात. पण चाळीस-पन्नास वर्षांत एखाद-दुसऱ्या अंकात आलेली ओळ एका पारड्यात, आणि प्रत्येक वर्गातलं ते चित्र दुसऱ्या पारड्यात. शिकवलं काय गेलं, ते चित्राने शिकवलं.

पुढच्या रविवारी मी मुलीला निबंध दाखवला. तिने वाचला, मान हलवली, विषय तिच्यापुरता संपला. मला मात्र एक खोड लागली. एखादा विषय घ्यायचा, अ‍ॅपमध्ये शोधायचा आणि निरनिराळ्या वर्षांच्या पुस्तकांतून काय येतं ते शेजारी शेजारी लावून बघायचं. कामावर आम्ही दोन आवृत्त्या अशाच ताडून पाहतो.

बहुपत्नीत्व घ्या. निबंध सांगतो की जोसेफ स्मिथने अनेक बायका केल्या. किती, ते मुख्य मजकुरात नाही. तळटीप उघडली की कळतं : काळजीपूर्वक केलेले अंदाज तीस ते चाळीसच्या दरम्यान जातात. सगळ्यात लहान हेलन मार किंबल, पंधरावं लागायला काही महिने होते. काही जणींचे नवरे हयात होते. एमाला सगळ्या लग्नांची कल्पना बहुधा नव्हती, हेही निबंधच सांगतो. १८४४ च्या मे महिन्यात, मारला जाण्याच्या महिनाभर आधी, जोसेफ भर सभेत म्हणाला होता की मला सात बायका असल्याचा आरोप होतो, मला तर एकच दिसते. निबंधाच्या मते असे इन्कार शब्द जपून वापरून केलेले होते. हे वाक्य मी रंगवून ठेवलं आहे, लाल रंगात.

आता त्याच अ‍ॅपमध्ये चर्चच्या अध्यक्षांच्या शिकवणीची पुस्तकमाला उघडा. १९९७ साली निघालेलं, जोसेफनंतरचा अध्यक्ष ब्रिगम यंग ह्याच्यावरचं पुस्तक आम्ही पुरुष-बायका सगळे वर्गात शिकायचो त्या मालिकेतलं पहिलं. सुरुवातीला त्याच्या आयुष्याची सनावळी आहे. १८२४, मिरियम वर्क्सशी लग्न. १८३२, तिचा मृत्यू. १८३४, मेरी अ‍ॅन एंजेलशी लग्न. संपलं. पन्नासाहून जास्त बायका केलेला माणूस एका विधुराच्या दुसऱ्या लग्नावर आटोपला. २००७ साली आलेल्या जोसेफ स्मिथवरच्या पुस्तकात निदान प्रस्तावनेत सांगितलं आहे की बहुपत्नीत्वाची चर्चा ह्या पुस्तकात नाही. मी बाप्तिस्म्याआधी घेतलेल्या धड्यांत तेवढंही नव्हतं.

निबंध आणि ती सनावळी एकाच अ‍ॅपमध्ये, दोन-चार टिचक्यांच्या अंतरावर आहेत. इतकं दुवे जोडणारं, इतकं हुशार अ‍ॅप, पण ब्रिगम यंगच्या सनावळीवरून निबंधाकडे नेणारा दुवा त्याच्याकडे नाही. ‘ह्या पुस्तकातली माहिती अपुरी आहे’ अशी एक ओळही मला दिसली नाही.

सासूबाईंना मी तळटीप दाखवली तेव्हा वाटलं होतं की त्यांना धक्का बसेल. त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि शांतपणे म्हणाल्या, “अगं, माझी खापरपणजी तिसरी बायको होती. जिन्याशेजारचा फोटो कोणाचा वाटला तुला?” मग स्वयंपाकघरात जाता जाता, “आम्ही ते बोलत नसू, एवढंच.” जुन्या घरांत हे सगळ्यांना ठाऊक होतं. फोटो होते, वंशावळी होत्या, कुठल्या आजीची सवत कोण ह्याच्या दंतकथा होत्या. छापील पुस्तकांतून गाळलेली माहिती त्यांच्यापर्यंत कानोकानी पोचतच होती. गाळलेलं खरोखर गाळलं गेलं ते फक्त आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांसाठी, ज्यांच्याकडे छापील पुस्तकाशिवाय दुसरं काही नव्हतं. माझा नवरा म्हणतो मी हे फार मनाला लावून घेतलं. असेल.

पहिल्या दर्शनाचा निबंध तसा सौम्य आहे, पण तपासणाऱ्याला त्यात मजा आहे. जोसेफला रानात देव दिसला, ह्या घटनेवर सगळं चर्च उभं आहे. २००२ च्या परिषदेत तेव्हाचे अध्यक्ष गॉर्डन हिंकली ह्यांनी तर स्पष्टच सांगितलं होतं की ते दर्शन एकतर घडलं किंवा नाही घडलं, आणि नसेल घडलं तर हे सगळं कार्य फसवणूक आहे. भाषण अ‍ॅपमध्ये आहे. मुलांना तोंडपाठ असते ती हकिगत १८३८ ची : पिता आणि पुत्र असे दोघे दिसले आणि कुठल्याच चर्चमध्ये जाऊ नकोस म्हणाले. पण सगळ्यात जुनी हकिगत १८३२ ची, बरीचशी जोसेफच्या स्वतःच्या हातची. तीत प्रभू दिसतो, पापं क्षमा करतो. पिता-पुत्र असे दोघे ठळकपणे समोर येत नाहीत. आणि सगळी चर्चं भरकटली आहेत, हे तो दर्शनाच्या आधीच बायबल वाचून ठरवून बसलेला असतो. निबंध म्हणतो की वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या गोष्टींवर भर दिला गेला, आणि आठवणींचं असं होतं. होत असेलही. निबंधापेक्षा मला जास्त बोललं ते जोसेफ स्मिथ पेपर्समधलं त्या वहीचं टिपण. ह्या हकिगतीची पानं विसाव्या शतकात वहीतून कापून वेगळी काढली होती आणि नंतर पुन्हा वहीत बसवली गेली. लोकांसमोर हा मजकूर पहिल्यांदा आला तो १९६५ साली, ब्रिगम यंग विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याच्या प्रबंधातून.

जोसेफ स्मिथ पेपर्स हा चर्चच्याच इतिहास विभागाचा प्रकल्प. २००८ ते २०२३ मध्ये सत्तावीस छापील खंड निघाले आणि मूळ कागदांच्या प्रतिमा सगळ्यांना पाहायला खुल्या आहेत. बखर आणि अस्सल कागद ह्यांतलं अंतर मराठी वाचकाला वेगळं समजावून द्यायला नको. ह्या प्रकल्पाचं काम अव्वल आहे आणि त्यातल्या संपादकांबद्दल मला आदर आहे. माझी भूक त्यांनीच वाढवली, हा त्यांचा दोष नव्हे.

आता अ‍ॅपमधली सगळ्यात मोठी उणीव. आम्ही साधी एक ओळ बदलली तरी कधी, कोणी, का ते लिहून ठेवावं लागतं. ह्या अ‍ॅपमध्ये पवित्र ग्रंथांच्या प्रस्तावना बदलल्या जातात आणि वाचणाऱ्याला कळायला काही मार्ग नाही. नवरा तरुणपणी मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला गेलेला, असताना बाळगायचा तो चामडी बांधणीचा ग्रंथ आमच्याकडे आहे. त्याच्या प्रस्तावनेत, जी १९८१ च्या आवृत्तीपासून आली, असं छापलंय की बुक ऑफ मॉर्मनमधले लेमनाइट लोक हेच अमेरिकन इंडियनांचे मुख्य पूर्वज. अ‍ॅपमध्ये आज तेच वाक्य ‘पूर्वजांपैकी’ इतपत खाली आलंय. बदल २००६-०७ चा आहे. मधल्या काळात जनुकांच्या अभ्यासातून आदिवासींचे पूर्वज बहुतांशी आशियातून आल्याचं समोर येत होतं, त्यावरही चर्चचा निबंध आहे. बदल करायला माझी हरकत नाही, नवं कळलं की बदलावंच. पण बदलाची तारीख तरी लिहा. कागदाचा ग्रंथ घरात नसता तर मला पत्ताही लागला नसता.

अब्राहमच्या पुस्तकाचं (बायबलमधल्या त्या पूर्वपुरुषाच्या नावावरचा चर्चचा आणखी एक ग्रंथ) प्रकरण ह्याहून खोल. १८३५ साली ओहायोतल्या कर्टलंडमध्ये जोसेफ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एका फिरत्या प्रदर्शनवाल्याकडून इजिप्शियन ममी आणि पपायरसच्या गुंडाळ्या २४०० डॉलरला घेतल्या. त्यावरून जोसेफने अब्राहमच्या लेखनाचं भाषांतर दिलं आणि ते आज धर्मग्रंथ आहे. पुस्तकाच्या शीर्षात आजही लिहिलेलं आहे की हे अब्राहमने स्वतःच्या हाताने पपायरसवर लिहिलं. गुंडाळ्या नष्ट झाल्या असं सगळे धरून चालले होते. पण १९६७ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने काही तुकडे चर्चला परत दिले. इजिप्ततज्ज्ञांनी वाचलं तर ते मृतांसोबत पुरायचे नेहमीचे मंत्र निघाले. निबंध हे सगळं मान्य करतो. तुकड्यांत अब्राहमचं नाव नाही, आणि ते इसवीसनपूर्व तिसऱ्या ते इसवीसनाच्या पहिल्या शतकातले, म्हणजे अब्राहमनंतर कितीतरी शतकांचे. मग निबंध दोन वाटा सुचवतो. एक, मूळ गुंडाळीचा हवा तो भाग हरवला असेल. बराच ऐवज १८७१ च्या शिकागोच्या आगीत गेला असं मानतात. दुसरी, पपायरस हे केवळ निमित्त असेल आणि मजकूर थेट देवाकडून आला असेल.

दुसरी वाट वाचून मी फोन ठेवून दिला होता. भाषांतराला मूळ मजकूर लागत नसेल तर तपासणार काय आणि कसं? आणि २०१३ च्या आवृत्तीत प्रस्तावनाही अलगद सरकली : ‘इजिप्शियन पपायरसवरून केलेलं भाषांतर’ जाऊन ‘अब्राहमच्या लेखनाचं प्रेरित भाषांतर’ आलं. शीर्षातला ‘स्वतःच्या हाताने’ हा दावा मात्र जागचा हलला नाही. एकाच पुस्तकाची प्रस्तावना एक सांगते, शीर्ष दुसरं सांगतं आणि निबंध तिसरं सांगतो. तिन्ही एका अ‍ॅपमध्ये, तिन्ही अधिकृत.

वंशाच्या विषयावरचा निबंध त्यातल्या त्यात सरळ आहे. १८५२ साली ब्रिगम यंगने काळ्या पुरुषांना याजकपद (चर्चमध्ये ते साध्या पुरुष सभासदांनाही मिळतं) बंद असल्याचं जाहीर केलं, १९७८ च्या जूनमध्ये ती बंदी उठली. त्याआधी, जोसेफच्या काळात, एलायजा एबल नावाच्या काळ्या माणसाला ते पद मिळालेलं होतं. बंदीच्या समर्थनासाठी पूर्वी दिलेल्या उपपत्ती चर्चला आता मान्य नाहीत, हे निबंधात स्वच्छ म्हटलं आहे. बाकीच्या निबंधांत मी असं वाक्य शोधत राहिले. ‘आम्ही आधी वेगळं शिकवलं होतं’, बस, एवढंच. दगड, टोपी, बायका, ममी ह्या विचित्रपणाची मला अडचण नव्हती. लहानपणापासून ज्या कथा ऐकल्या त्या काय कमी अद्भुत होत्या? अडचण ही की ज्या संस्थेने पहिली हकिगत छाप मारून दिली तीच दुसरी हकिगत तशीच छाप मारून देते आणि पहिलीचा उल्लेखही करत नाही. मग तिसरी येणार नाही कशावरून, आणि मुलाला मी त्यातली कुठली शिकवू?

अ‍ॅपमधल्या आणखी एका भिंतीची नोंद करते. परिषदेची भाषणं १९७१ पासून पुढचीच मिळतात, मासिकंही तिथपासूनच. ब्रिगम यंगच्या आणि त्यानंतरच्या काही वर्षांतल्या प्रवचनांचे सव्वीस खंड आहेत, चर्च ते अधिकृत मानत नाही आणि अ‍ॅपमध्ये ते नाहीत. निबंधांच्या तळटिपा मात्र अधूनमधून त्यांच्याकडे बोट दाखवतात.

‘सेंट्स’ हा चार खंडांचा अधिकृत इतिहास, २०१८ ते २०२४ मध्ये आलेला, अ‍ॅपमध्ये फुकट आणि ऑडिओसह. पहिला खंड इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीच्या १८१५ च्या उद्रेकाने सुरू होतो. त्यामुळे हवामान बिघडलं, पिकं गेली आणि स्मिथ कुटुंब व्हर्मांट सोडून न्यूयॉर्क राज्यात आलं, अशी सुरुवात. कादंबरीसारखं वाचवतं. दगड आहे, बायका आहेत, दुसऱ्या खंडात १८५७ चं माउंटन मेडोजचं हत्याकांडही आहे, जिथे दक्षिण युटातल्या मॉर्मनांनी सुमारे १२० प्रवाशांना मारलं. नव्याने चर्चमध्ये येणाऱ्याला हे आधी वाचायला दिलं पाहिजे, असं माझं मत. फक्त गोष्टीच्या ओघात सगळं इतकं गुळगुळीत होतं की ‘मला हे आधी का सांगितलं नाही’ हा प्रश्न वाचकाच्या मनात यायला जागाच उरत नाही. सासूबाईंना मालिका फार आवडली. त्या ऐकता ऐकता भरतकाम करतात आणि एखादं नाव ओळखीचं आलं की मला हाक मारून सांगतात, हे अमक्यांचे पूर्वज.

मजकुराला मी चार तारे देईन, मांडणीला दोन. बदलांची नोंद आली तर मांडणीचेही चार करेन.

कोणी वाचायचं ठरवलंच तर माझा सल्ला असा की मुख्य पडद्यावरून सुरुवात करू नका. विषयांच्या विभागातून निबंध गाठा, सगळे एकदम उतरवून घ्या, आणि तळटिपा आधी वाचा, मजकूर मग. संख्या, वयं, तारखा तिथे असतात. जोडीला एखादी जुनी छापील प्रत मिळाली तर सोडू नका. युटातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत ती अगदी स्वस्तात मिळते. आणि घरात कोणी श्रद्धाळू असेल तर त्यांच्या जेवणाच्या टेबलावर फोन पुढे करू नका. त्यांना बहुतेक वेळा तुमच्याहून जास्त माहीत असतं आणि त्यांनी त्यासोबत राहायचं कसं हे कधीच ठरवून टाकलेलं असतं. आमच्याकडे नवरा आणि मुलगा रविवारी जातात, मी जात नाही. नणंदेच्या मुलीचं लग्न टेम्पलमध्ये झालं तेव्हा आत जायला लागणारं ‘रेकमेंड’, म्हणजे पात्र सभासदांना मिळणारं परवानापत्र, माझ्याकडे नव्हतं, म्हणून मी बाहेर लहान पोरांना सांभाळत बसले. सासूबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की फोटोत तू माझ्या शेजारी उभी राहायचंस, आणि राहिले.

शेवटचा मुद्दा कामाचा आहे. राजीनाम्याचं बटण अ‍ॅपमध्ये नाही, पण कृती आहे. २०२० पासून चर्चची नियमावली सगळ्यांना खुली आहे आणि ती ह्याच अ‍ॅपमध्ये मिळते. बत्तिसावं प्रकरण उघडा. सही आणि तारीख घातलेलं पत्र तुमच्या वॉर्डच्या, म्हणजे स्थानिक मंडळीच्या, बिशपला द्यायचं, किंवा नोटरीसमोर सही केलेली विनंती सॉल्ट लेकच्या मुख्यालयाला पाठवायची. बिशप बहुधा एकदा फोन करून बोलायला भेटता का विचारतात. नको असेल तर नाही म्हणता येतं. आमच्या बिशपने तर उलट मलाच विचारलं की ती तळटीप नेमकी कुठे आहे.

मी त्यांना दुवा पाठवला. अ‍ॅपमधली ती सोय चांगली चालते.